वाघ कुठून आणायचा?

पुण्यात कोणी गाव विचारलं आणि मी राजुरा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ते नगरकडचं राजूर का?" नाहीतर "राजगुरुनगर म्हणायचंय का तुला?" मग मी चंद्रपूर, बल्लारपूर, वर्धा नदी, नदीच्या अलीकडे बल्लारपूर आणि पलीकडे आम्ही, असा सगळा भूगोल सांगतो. समोरचा म्हणतो, "बापरे, लांब आहे रे!" आहे खरं लांब. आता कुठून लांब, हा वाद नंतर कधीतरी.

तर दिवाळीत घरी गेलो होतो. पोचलो त्याच दिवशी काकाने मला बाजूला घेतलं. "याले जरा समजाव बाप्पा. दहावीचं वर्ष आहे, अन् हा चार पोट्टे घेऊन मोबाईलवर पिक्चर काढून रायला."

'हा' म्हणजे माझा चुलत भाऊ. घरातला आयटीवाला म्हणून समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी रात्री त्याला गच्चीवर गाठलं आणि म्हटलं, दाखव बघू काय काढलंय ते.

त्याने फोन माझ्या हातात दिला. अकरा मिनिटं. हिरो सागवान चोरणारा. एक खांदा वर करून चालतो, काजळाने दाढी काढलेली, प्रत्येक एंट्री स्लो मोशनमध्ये. डिसेंबर २०२१ मध्ये 'पुष्पा' आला, त्यात रक्तचंदन होतं, इथे सागवान. बाकी चाल तीच, नजर तीच, मान वळवायची पद्धतही तीच. माझ्या तोंडाशी वाक्य आलं होतं: "अरे, ही तर सरळ सरळ नक्कल आहे."

बोललो नाही. कारण हे वाक्य मी आधी एकदा बोललेलो आहे.

आम्ही नववीत होतो. एका मित्राच्या मामाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. त्याने कसाबसा दोन दिवसांसाठी मामाचा कॅमेरा मिळवला. शाळेच्या वहीत स्टोरी लिहून आणली, कोण काय करणार ते ठरवलं, मोठ्या बहिणीची ओढणीसुद्धा पळवून आणली. स्टोरी एका हिंदी पिक्चरवरून उचललेली होती. मी वर्गातला हुशार मुलगा (म्हणजे तेव्हा तसं वाटायचं). मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हे तर सगळं चोरलेलं आहे. यात तुझं काय आहे?" सगळे हसले. तोही हसला. कॅमेरा त्याच संध्याकाळी मामाकडे परत गेला. नंतर त्या विषयावर तो कधी बोलला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मला जुना सिनेमा वाचायचा नाद लागला, आणि जसजसं वाचत गेलो तसतसं एक लक्षात आलं. त्या दिवशी मी जे बोललो ते नुसतंच दुष्टपणाचं नव्हतं, ते इतिहासाच्या हिशोबानेही चूक होतं. कसं ते सांगतो.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासूनच करावी लागेल. १९११ सालची गोष्ट. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोक्यात राम-कृष्ण फिरत होते. आपले देव असे पडद्यावर कधी येणार? म्हणजे आपल्या सिनेमाची पहिली कल्पनाच मुळात 'त्यांच्यासारखं आपलंही पाहिजे' ही होती. १९१२ साली ते लंडनला गेले, तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. पण पैसे कोण देणार? मग त्यांनी घरीच एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि रोपटं डोळ्यांदेखत वाढताना दाखवलं. 'अंकुराची वाढ'. पैसेवाल्यांना पटवायला हीच शॉर्ट फिल्म कामाला आली.

पुढे 'राजा हरिश्चंद्र' करताना अडचण आली तारामतीची. कोणतीही बाई पडद्यावर यायला तयार होईना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं. रोहिदास केला स्वतःच्या मुलाने, भालचंद्रने. सगळ्या टोळीचा स्वयंपाक आणि फिल्म धुण्यापासूनची कामं सरस्वतीबाईंकडे. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला. विलायती पिक्चरची बरोबरी करायला निघालेला माणूस, आणि जिथे जिथे बरोबरी जमली नाही तिथे तिथे घरातलं, गल्लीतलं, हॉटेलातलं जे मिळालं ते वापरलेलं. आज आपल्याला त्यातलं काय आठवतं? तारामती झालेला अण्णा साळुंकेच आठवतो ना?

दुसरी गोष्ट कोल्हापूरची, आणि ती मला जास्त आवडते, कारण ती दोस्तमंडळींची आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. फाळक्यांचा चित्रपट पाहिला आणि यांना वाटलं, आपणही करू. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नाही, मग कॅमेराच बनवू! (आमच्या कंपनीत लायसन्स मिळालं नाही की कोणीतरी म्हणतोच, आपणच लिहून टाकू. त्यातलाच प्रकार. फक्त इथे लेथ मशीनवर दात पाडायचे होते.) मधेच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव आणि दामले यांनी काम सोडलं नाही, आणि १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा तयार झाला. पैसे आले तानीबाई कागलकर या गायिकेकडून. १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्याच सुमाराला एक पोरगा महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करायला दाखल झाला. वय विशीच्या आतबाहेर. शांताराम वणकुद्रे त्याचं नाव. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

पण हे सगळे मोठे लोक होते, त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. शाळकरी पोरांनी हौसेखातर पिक्चर काढायचा तर यंत्र स्वस्त व्हायला हवं. ते आधी अमेरिकेत झालं. कोडॅकने १९३२ मध्ये घरगुती ८ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली, १९६५ मध्ये सुपर ८ आणली. वाढदिवस आणि सहली टिपायला म्हणून बापाने घेतलेला कॅमेरा पोरांच्या हाती लागला. ॲरिझोनातल्या फिनिक्स गावात एका पोराने बहिणी आणि मित्र जमवून परग्रहवासीयांवर दोन तासांहून मोठा पिक्चर काढला. नाव 'फायरलाइट', खर्च सुमारे ५०० डॉलर. २४ मार्च १९६४ ला गावातल्या थिएटरात त्याचा एकच खेळ झाला. पोराचं वय १७, नाव स्टीव्हन स्पीलबर्ग.

आता यातली गंमत बघा. याच स्पीलबर्गने १९८१ मध्ये 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' काढला, आणि तो पाहून मिसिसिपीमधली अकरा-बारा वर्षांची पोरं वेडी झाली. १९८२ मध्ये त्यांनी ठरवलं की हा अख्खा पिक्चर जसाच्या तसा, शॉट टू शॉट, आपण पुन्हा काढायचा. सात उन्हाळे गेले. मिसरूड फुटलं, आवाज फुटले, एकाच पिक्चरमध्ये हिरो या सीनमध्ये लहान आणि पुढच्या सीनमध्ये मोठा. १९८९ मध्ये तो एकदाचा संपला. नक्कल म्हणाल तर याहून शुद्ध नक्कल जगात नसेल. पण मूळ पिक्चरमध्ये माकड आहे, यांच्याकडे माकड नव्हतं, म्हणून यांनी घरचं कुत्रं घेतलं. विमानाचा सीन तर जमलाच नाही, तो त्यांनी पार २०१४ मध्ये, चाळिशीत पोचल्यावर काढला. आज लोक ती फिल्म का बघतात? माकडाच्या जागी कुत्रं आहे म्हणून!

आपल्याकडे ८ मिलिमीटरचं युग सामान्य घरापर्यंत आलंच नाही. कॅमेरा परदेशातून यायचा, आणि दर तीन मिनिटांनी फिल्म संपायची, म्हणजे दर तीन मिनिटांनी पैसे. आपल्या तालुक्याच्या गावांत हलतं चित्र काढणारं पहिलं यंत्र आलं ते व्हिडिओ कॅमेरा, आणि तो आला लग्नाच्या शूटिंगसाठी. माझ्या मित्राच्या मामाचा होता तसाच.

आणि नेमकं तेच यंत्र घेऊन मालेगावात एक मोठा उद्योग झाला. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचा, लग्नाची शूटिंगं करायचा. दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग तो स्वतःच शिकला. २००० साली त्याने दोस्तांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. खर्च ५० हजारांच्या घरात. कलाकार म्हणजे यंत्रमागावर काम करणारे, छोटी-मोठी दुकानं चालवणारे लोक. 'शोले'मध्ये डाकू घोड्यावर येतात. मालेगावात घोडे परवडणार? मग डाकू सायकलवर आले. आगगाडी नव्हती, तिथे बस आली. लोकांनी गर्दी केली. नंतर त्यांनी सुपरमॅन केला. काडीसारख्या अंगाचा, पायात स्लिपर, चड्डीची नाडी लोंबतेय. हिरवा पडदा लावून त्याला उडवला. शूटिंगमध्ये कॅमेराच पाण्यात पडला, तरी पिक्चर पूर्ण केला. हे सगळं फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात आहे. जमलं तर जरूर बघा, हसून हसून पोट दुखतं आणि मग घशाशी काहीतरी अडकतं. सुपरमॅन झालेला शफीक त्यानंतर लवकरच कॅन्सरने गेला. याच लोकांवर रीमा कागतींनी केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये थिएटरला लागला. मालेगावच्या नकलेवर मुंबईने पिक्चर काढला!

इथे कोणीतरी म्हणेल, सगळेच काही नकलेने सुरुवात करत नाहीत. मान्य. नागराज मंजुळेंचंच घ्या. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस, शिकत असताना 'पिस्तुल्या' नावाची छोटी फिल्म केली. शाळेत जायची इच्छा असलेल्या पोराची गोष्ट. पहिल्याच फिल्मसाठी राष्ट्रीय पुरस्कार. त्यात कोणाची नक्कल नाही. पण तेव्हा मंजुळे तिशीत होते, कविता लिहीत होते, बरंच जगून झालं होतं. पंधरा वर्षांच्या पोराकडून पहिल्या फटक्यात 'पिस्तुल्या' मागणं म्हणजे कोडिंग शिकायला लागलेल्याला तू स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम का नाही लिहिलीस असं विचारण्यासारखं आहे. आपण सगळे दुसऱ्याचा कोड कॉपी करूनच शिकलो. आणि कुठे शिकलो? तो कॉपी केलेला कोड आपल्या मशीनवर चालला नाही, तिथे!

माझा मुद्दा एवढाच आहे. नक्कल जोवर जमते तोवर ती नक्कल असते. घोडा मिळत नाही, माकड मिळत नाही, तारामती मिळत नाही, तिथे डोकं चालवावं लागतं आणि तिथून पुढचं स्वतःचं असतं. मी नववीत विचारलं होतं, "यात तुझं काय आहे?" त्याचं उत्तर शूटिंग सुरू झाल्यावरच मिळणार होतं. मी ते सुरूच होऊ दिलं नाही.

परत गच्चीवर येतो. मी भावाला म्हटलं, पुढचं दाखव. तो म्हणाला, "दादा, पुढचं अडकून रायलं. वाघ आहे त्यात. वाघ कुठून आणू?"

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाघ ही आमच्याकडे पर्यटनाची गोष्ट नाही. राजुरा-विरूर भागात आरटी-१ नावाच्या वाघाने माणसं मारली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला जेरबंद केलं, तोवर संध्याकाळी शेतावरून परत यायची लोकांना धास्ती होती. तेव्हा हा भाऊ दहा-अकरा वर्षांचा असेल. तर याच्या स्टोरीत सागवानचोर लाकूड घेऊन निघतो आणि वाघ समोर येतो. 'पुष्पा'मध्ये असा वाघ नाही. हा वाघ आमचा आहे. हे त्याच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

त्यांनी आधी मोबाईलमधल्या कुठल्यातरी ॲपवरून वाघ चिकटवून पाहिला. तो वाघ जमिनीपासून वीतभर वर चालत होता. पोरं स्वतःच हसली. मग एकाने आयडिया काढली की वाघ दाखवायचाच नाही. फक्त पोट्ट्यांचे चेहरे दाखवायचे आणि मागे वाळलेल्या पाल्याचा आवाज. तो शॉट त्याने मला दाखवला. चार पोरं, अंधार पडत आलेला, एकाच्या हातातली कुऱ्हाड हळूहळू खाली येते. कोणी काही बोलत नाही. खांदा वर केलेला हिरो पहिल्यांदा खांदा खाली करतो.

खरं सांगतो, अंगावर काटा आला. त्या चेहऱ्यांवर ॲक्टिंग नव्हती.

आणि मग धाडधाड करत कोळशाचा ट्रक. सगळा शॉट वाया. "रोज अस्संच होते दादा. ट्रक जाऊन रायला, की कुत्रं भुकून रायलं." एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला गडचांदूरचे सिमेंट कारखाने. शांतता मिळणार कुठून? मी त्याला मालेगावच्या लोकांचं सांगितलं. फिनिक्सच्या पोराचं सांगितलं. नायजेरियातल्या कडुना शहरातल्या पोरांचंही सांगितलं. त्यांनी स्क्रीन फुटलेल्या फोनवर सायन्स फिक्शन काढलं, वीज जायची, नेट रडायचं, तरी २०१९ मध्ये जगभर त्यांची बातमी झाली. तो ऐकत होता, पण त्याला माझ्या इतिहासात फार रस नव्हता. त्याला ट्रकचं उत्तर पाहिजे होतं. शेवटी ठरलं की चित्र आधी घ्यायचं आणि आवाज रात्री दोन वाजता घरात रजई पांघरून वेगळा रेकॉर्ड करायचा. (डबिंग! म्हणजे पुन्हा तोच जुना मार्ग.)

राहिला काकाचा प्रश्न.

इतिहासात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती पोरांबद्दल नाही, मोठ्यांबद्दल आहे. सरस्वतीबाईंनी घर सांभाळून फिल्म धुतली. तानीबाईंनी पैसे दिले. स्पीलबर्गच्या बापाने मदत केली म्हणून थिएटरातला खेळ झाला. आणि आमच्या भागात तर हे नवीन नाहीच. वडशापासून पसरलेली झाडीपट्टी रंगभूमी घ्या. दिवाळीनंतर धान निघालं की होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्रभर नाटकं चालतात. गावातली पोरं मंडळ काढतात, गाव मंडप टाकतं, आणि अख्खं गाव थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसून बघतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. राजुरा तसं झाडीपट्टीच्या कडेला. आम्ही निजामाच्या हैदराबाद राज्यातले, आदिलाबाद जिल्ह्यातले. १९५६ मध्ये नांदेडला जोडले गेलो, १९५९ मध्ये चांद्याला. आजोबा म्हणायचे, मी घर बदललं नाही, जिल्हाच येऊन-जाऊन राहिला. त्यामुळे आमच्या पोरांना तेलुगू हिरो परका वाटत नाही, यात नवल काय?

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटाही स्वस्त. यंत्र मिळवायचं भांडण संपलं. पण कोणीतरी शेवटपर्यंत बसून बघणं, हे अजूनही कोणाच्या तरी हातात असतं. एरवी अकरा मिनिटांची फिल्म पाहायला कोणाकडे अकरा मिनिटं आहेत? सगळं तीस सेकंदांत सरकवून टाकायची सवय झालीये.

मी काकाला सांगितलं, त्याला थांबवू नको. जानेवारीपासून बोर्डापर्यंत फोन तुझ्याकडे ठेव, हे त्याने कबूल केलंय. पण त्याआधी पिक्चर पूर्ण करू दे, आणि तो तू बसून बघ. काका म्हणाला, "तू समजवाले गेलता का बिघडवाले?"

मी निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर दोन बांबूंना पांढरी चादर बांधली. प्रोजेक्टर शेजाऱ्यांच्या ओळखीतून मिळाला. पिक्चर अर्धवटच होता, वाघाच्या सीनला आवाज नव्हता. पोरांचे आई-बाप, आजी, खालचे भाडेकरू, सगळे मिळून वीस-बावीस लोक. स्लो मोशनला सगळे हसले. काका मागे उभा होता, बसला नाही.

वाघाचा सीन आला. आवाज नाहीच, नुसते चार चेहरे. कोणी हसलं नाही. माझ्या शेजारी आजी होती. ती हळूच म्हणाली, "वाघ आहे का रे तिथं?"

मी मागे वळून पाहिलं. काका खाली बसला होता.

पुण्याला परत आल्यावर त्या नववीतल्या मित्राला फोन केला. तो आता नागपूरला नोकरी करतो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. शेवटी विचारलंच, तुझ्या त्या पिक्चरची वही आहे का रे अजून? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कोणती वही?"

आठवत असावं त्याला. आवाजावरून तरी मला तसं वाटलं.

असो. भावाचा काल मेसेज आला. डबिंग झालंय.